‘आई, मला चर्चला यायचं नाही’

पत्र वास्कोतून आलंय, थोडं कापून देते.

“मावशी, आम्ही मूळचे श्रीरामपूरकडचे, कॅथलिक. नवऱ्याची नोकरी वेर्ण्याला म्हणून आठ वर्षं इथे आहोत. मुलगा १२ वर्षांचा, मुलगी ७ ची, यंदा तिची पहिली कम्युनियन (मिस्सात पहिल्यांदा पवित्र भाकर घेण्याचा विधी). सासूबाई आमच्याकडेच असतात, रोज संध्याकाळी पूर्ण रोझरी (जपमाळेची प्रार्थना) असते आणि पोरं पळून जातात. मुलगा म्हणतो चर्चला येणार नाही, बोअर होतं, पप्पा येत नाहीत मग मीच का. मागच्या महिन्यात मी रागाने बोलून गेले की देव शिक्षा करील बघ. त्याला काही वाटलं नाही, पण धाकटी तेव्हापासून रात्री दचकून उठते. त्यात शाळेत कुणीतरी मुलाला म्हणालं तुम्हाला बाटवलंय, आणि दोत्रीनच्या (चर्चमधल्या धर्मशिक्षणाच्या) क्लासमधली मुलं त्याला घाटी म्हणतात. मी आई म्हणून नापास झाले का?”

अगं, नापास झालीस की नाही ते राहू दे बाजूला, आधी धाकटीचं बघू, कारण बाकी सगळं महिनाभर थांबलं तरी चालेल, तिचं नाही.

आज रात्रीच तिच्याजवळ बस आणि सरळ सांग की त्या दिवशी आई चिडली होती आणि चिडून देवाचं नाव घेऊन खोटं बोलली. हो, खोटं हाच शब्द वापर, ‘तसं नव्हतं म्हणायचं मला’ वगैरे गोल गोल बोलू नकोस, सात वर्षांच्या पोरीला गोल बोलणं कळत नाही, तिला एवढंच कळतं की शिक्षा म्हणजे पट्टी नाहीतर अंधार, आणि अंधार रोज रात्री येतोच. मग तिच्या कपाळावर अंगठ्याने क्रूस काढ आणि झोपव. रोज काढ. एवढं केलं की बहुतेक पोरं आठ-पंधरा दिवसांत शांत होतात, पण नाही झाली, गादी ओली व्हायला लागली किंवा पोट दुखतं म्हणून शाळा टाळायला लागली, तर मुलांच्या डॉक्टरांकडे घेऊन जा आणि काय घडलं ते त्यांना न लाजता सांग. प्रार्थना चालू आहे म्हणून डॉक्टर नको असं आपल्याकडे काही लोक करतात, तू करू नकोस.

आणि हे लवकर करायला हवं याचं कारण कम्युनियन. पहिल्या कम्युनियनच्या आधी पहिलं कन्फेशन असतं ना, पाद्रींसमोर आपल्या चुकांची कबुली, आणि जिला देव पोलीस वाटतो ती पोरगी तिथे एकतर रडेल नाहीतर पाठ केलेली यादी म्हणून मोकळी होईल. मी चौदा वर्षं दोत्रीन शिकवलंय (मराठी पोरांना ‘धर्मशिक्षण’ म्हटलं की कळतच नाही, गोव्यात दोत्रीनच), एकदा सरावाला एका छोट्याने दहा आज्ञांची यादी समोर धरून अगदी गंभीर चेहऱ्याने सांगितलं, मी शेजाऱ्याच्या बैलाचा लोभ धरला. मडगावच्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहणारं पोर. आम्ही हसलो, पण घरी जाताना मला वाईट वाटलं, कारण त्याला ते वाक्य मीच दिलं होतं, स्वतःच्या शब्दांत ‘बहिणीचा खाऊ खाल्ला’ म्हणायला शिकवलं नव्हतं. तुझ्या मुलीला तू शिकव. आणि त्या पांढऱ्या फ्रॉकचं टेन्शन तू पत्रात दोनदा लिहिलंयस, ते सोड, नात्यातल्या मोठ्या मुलीचा नाहीतर शेजारणीच्या मुलीचा फ्रॉक घ्यायचा, त्या दिवशी फोटोग्राफर सोडून कुणी फ्रॉककडे बघत नाही.

आता माझी गोष्ट ऐक, कारण तुझं पत्र वाचताना मला माझंच घर दिसत होतं.

मी दुसऱ्यांच्या पोरांना शिकवत होते तेव्हा माझा स्वतःचा मोठा मुलगा चौदाव्या वर्षी म्हणाला की तो प्रार्थनेला बसणार नाही. मी ओरडले, टीव्ही बंद केला, पाद्रींकडून बोलवणं पाठवलं, जे जे करू नये ते सगळं केलं. एक दिवस तो शांतपणे म्हणाला, “आई, तू देवाशी बोलतेस ना तेव्हा तुझा आवाज टीचरसारखा होतो.” बस. मला आठवडाभर ते वाक्य सोडेना. कारण खरंच होतं, मी पोरांसमोर जी प्रार्थना करायचे ती पोरांना ऐकवायला असायची, त्यात ‘हे प्रभू, आमच्या मुलांना अभ्यासाची आणि आज्ञाधारकपणाची बुद्धी दे’ असलं काहीतरी असायचं, म्हणजे देवाच्या खांद्यावर बंदूक ठेवून पोरांवर गोळी. माझी खरी प्रार्थना व्हायची ती भांडी घासताना, मनातल्या मनात, आणि ती कुणाला कधी ऐकू गेलीच नव्हती.

मग माझे वडील आयसीयूत होते त्या रात्री मी स्वयंपाकघरात खाली बसून मोठ्याने म्हणाले, देवा मला काही सुचत नाहीये, मला भीती वाटतेय, बाबांना दुखू देऊ नकोस. एवढंच. माझी धाकटी मागे उभी होती, ती येऊन मांडीला टेकून बसली, काही बोलली नाही. आज ती मोठी झालीय आणि लहानपणीच्या प्रार्थनेतलं तिला काय आठवतं विचारलं तर ती रात्र सांगते, माझे चौदा वर्षांचे क्लास सांगत नाही. मोठ्याचं काय झालं म्हणशील, तर तो पुण्यात आहे, नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साला (चर्चमधल्या उपासनेला) माझ्या बाजूला उभा राहतो, बाकी वर्षभर काय करतो ते मी विचारत नाही. म्हणजे माझ्याकडे हमखास फॉर्म्युला आहे असं समजू नकोस.

पण एक नक्की सांगेन. पोरांना देवाची ओळख घरात होते, आणि ती घरातल्या भाषेत होते. तुमच्या घरात काय झालंय बघ. शाळा इंग्लिश, मिस्सा कोंकणी नाहीतर इंग्लिश, दोत्रीन इंग्लिश, आणि मराठीत देवाबद्दल जे काही कानावर पडतं ते म्हणजे सासूबाईंची वेगात म्हटलेली रोझरी आणि तुझं ‘देव शिक्षा करील’. मग पोरांनी काय समजायचं? रात्री झोपताना दोन मिनिटं, फक्त दोन, मराठीत, तुमच्या रोजच्या मराठीत बोल देवाशी, त्यांच्या देखत. आज काय बरं झालं, कशाची भीती वाटली, कुणाशी वाईट वागलो. आणि पहिली सुरुवात तू कर, ‘देवा, आज मी दादावर उगीच ओरडले’. आई देवासमोर सॉरी म्हणते हे पोरांना दिसलं की अर्धं काम होतं. मुलगा भिंतीकडे तोंड करून मोबाईल बघत पडला असेल तर पडू दे, कान उघडे असतात. बायबलमधल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात मोशे आईबापांना हेच सांगतो ना, घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना, उठताना मुलांशी याबद्दल बोला, त्यात ‘रविवारी साडेसातला रांगेत बसवून’ असं कुठे नाहीये.

सासूबाईंचं नाजूक आहे, मला माहितीये. म्हाताऱ्या माणसाला रोझरी कमी करा म्हटलं की त्यांना वाटतं धर्म बुडाला. तर कमी करू नकोस, त्यांची पूर्ण पाच दशकं चालू दे, पण पोरांना एका दशकापुरतं बसव, एक ‘हे आमच्या स्वर्गातील’ आणि दहा ‘नमो मरिया’, चारेक मिनिटांचं काम, मग ती मोकळी. आणि त्या दशकाआधी त्या दिवशीचं रहस्य, म्हणजे येशू-मरियेच्या आयुष्यातला प्रसंग, काय आहे ते आजीने गोष्ट म्हणून सांगायचं. आजीला म्हण, आई, तुम्हीच सांगा, तुमच्याइतकं छान कुणी सांगत नाही. (हे खोटं नाहीये, थोडं साखर लावलेलं आहे.) धाकटीला मेणबत्ती पेटवायची ड्युटी आणि वेदीवरची फुलं तिच्याकडे, ती बघ कशी वेळेआधी येऊन बसेल.

सोमवारी आणि शनिवारी आनंदाची रहस्यं असतात, त्यातलं पाचवं तुझ्या मुलाचंच आहे. येशू बारा वर्षांचा, यरुशलेमला सणाला गेलेले, आणि परत येताना आईबापांना एक अख्खा दिवस पत्ताच नाही की पोरगा सोबत नाहीये, त्यांना वाटलं नातेवाइकांत असेल. मग तीन दिवसांनी सापडला तो मंदिरात, गुरुजनांच्या मध्ये बसून प्रश्न विचारत. आई रागावली, त्याने उलट उत्तर दिलं, आणि लूकने स्पष्ट लिहून ठेवलंय की ते उत्तर त्यांना समजलं नाही. मरिया आणि योसेफला बारा वर्षांचं पोर समजलं नाही तिथे तुला मला कुठून समजणार गं. ही गोष्ट त्याच्यासमोर सांगायची, पण ‘बघ येशू कसा मंदिरात रमला’ हे शेपूट लावायचं नाही, तिथेच सगळे माती खातात.

तर मुलगा. चर्च बोअर होतं म्हणतो, खरं सांगू, मलाही कधी कधी होतं. तरी माझं मत असं की बाराव्या वर्षी रविवारच्या मिस्साला जायचं की नाही हे त्याच्यावर सोडायचं नाही. घरचे जातात म्हणून तोही जातो, जसं मावशीकडच्या लग्नाला जातो, त्यावर दर रविवारी सकाळी नवीन चर्चा नको आणि शिक्षाही नको. सतराव्या वर्षी मी सोडेन त्याच्यावर. पण न्यायचं तर मागच्या बाकावर खांबाआड नको, तिथून फक्त लोकांच्या पाठी दिसतात, पुढे बसा जिथून वेदी दिसते. शनिवारी रात्री उद्याचं शुभवर्तमान (येशूच्या चरित्रातला उतारा) मराठी बायबलमधून त्यालाच वाचायला लाव, म्हणजे कोंकणीत आलं तरी कळेल काय चाललंय. ऑल्टर सर्व्हर, म्हणजे मिस्साला वेदीवर पाद्रींना मदत करणारा, व्हायचं का विचार, या वयाच्या मुलांना हातात काम दिलं की बोअर कमी होतं. आणि बाहेर पडल्यावर ‘पाद्रींनी काय सांगितलं रे’ अशी परीक्षा घ्यायची नाही, सरळ हॉटेलात जाऊन पातळभाजी आणि बन्स खायचे, रविवारचं तेच लक्षात राहतं आणि राहू दे.

नवऱ्याबद्दल तू दोनच ओळी लिहिल्यास पण त्या दोन ओळींत राग भरपूर आहे. नाईट शिफ्ट करून सकाळी सातला घरी आलेला माणूस साडेसातच्या मिस्साला उभा राहणार नाही, संध्याकाळची मिस्सा असेल तर ती सुचव एकदा, पोरांसमोर नाही, आणि टोमणा मारून तर अजिबातच नाही. त्याच्याकडून एकच गोष्ट माग, कामाला निघताना दोन्ही पोरांच्या कपाळावर क्रूस काढून जायचं. दहा सेकंद. बापाच्या अंगठ्याला वेगळं वजन असतं. आणि तो नाहीच आला कधी, तरी बायबलमध्ये पौलाने आपल्या शिष्याला, तीमथ्याला लिहिलेलं दुसरं पत्र उघड, सुरुवातीलाच तो म्हणतो की तुझा हा विश्वास आधी तुझ्या आजीत, लोईसमध्ये होता, आणि तुझ्या आईत, युनीकेमध्ये. तीमथ्याचा बाप ग्रीक होता एवढंच प्रेषितांच्या कृत्यांत येतं. आजी आणि आई दोघींनी ते घर तारलं, तुमच्या घरातही दोघी आहेतच, फक्त सध्या एकमेकींशी धड बोलत नाहीत असं मला पत्रावरून वाटलं, चुकत असेन तर सोडून दे.

आता ते ‘बाटवलं’ आणि ‘घाटी’. माझ्या मते तुझ्या मुलाचा खरा प्रश्न हा आहे आणि बोअर होतं हे वरवरचं. शाळेत तो मराठी पोरांत ख्रिस्ती, चर्चमध्ये ख्रिस्ती पोरांत मराठी, म्हणजे दोन्हीकडून बाहेरचा. अशा पोराला चर्चला जावंसं का वाटेल सांग? घाटीचं आधी निपट. दोत्रीनच्या टीचरना भेट आणि नाव न घेता सांग की क्लासमध्ये हा शब्द चालतो, त्यांना बहुतेक माहीतच नसेल. माहीत असून हसण्यावारी नेलं तर पाद्रींकडे जा, यात लाजायचं काही नाही.

आणि ‘बाटवलं’ला उत्तर दे, टाळू नकोस, तो यूट्यूबवर बघणारच आहे. गोव्यात इन्क्विझिशन (चर्चचं धर्मन्यायालय) होतं, १५६० ते १८१२, मधली काही वर्षं सोडली तर, आणि त्यात लोकांवर जुलूम झाला हे खरं आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००० साली चर्चच्या माणसांनी केलेल्या पापांची जाहीर क्षमा मागितली हेही खरं आहे. दोन्ही सांग. आईने हे झाकलं नाही हे त्याला कळलं की तुझ्या बाकीच्या बोलण्यावरही त्याचा विश्वास बसेल. पण मग हेही सांग की पोर्तुगीजांचा आणि श्रीरामपूरचा संबंध काय? नगरकडचे आपले लोक बहुतेक एकोणिसाव्या शतकापासून या वाटेला आले, मिशनच्या शाळा, दुष्काळ, जातीचा जाच, अशी सगळी कारणं त्यात होती, आणि प्रत्येक घराची गोष्ट वेगळी. तुमच्या घराची गोष्ट सासूबाईंना माहीत असणार. त्यांना विचार, आणि मुलाला मोबाईलवर रेकॉर्ड करायला लाव, पणजोबा कोण, कुठल्या गावचे, पहिला बाप्तिस्मा कुणाचा, हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला पूर्वी कसे जायचे. एक दुपार जाईल यात आणि त्या दुपारी रोझरीवरून भांडण होणार नाही याची मी गॅरंटी देते.

आणि मराठी असून ख्रिस्ती कसला असं जे त्याला वाटतं ना, त्यासाठी त्याला एकदा रायतूरला घेऊन जा, हल्ली ज्याला राशोल म्हणतात तिथे, मडगावहून जवळ आहे, जुनी सेमिनरी (पाद्री घडवणारी शाळा) अजून आहे. फादर थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्लंडचा जेझुइट (येशूसंघाचा पाद्री) १५७९ ला गोव्यात आला, सासष्टीत राहिला, इथल्या लोकांची भाषा शिकला, आणि इथल्या ख्रिस्ती लोकांना वाचायला-ऐकायला आपलं पुराण हवं होतं म्हणून त्याने ख्रिस्तपुराण रचलं, ओवीत, ज्ञानेश्वरीच्या ओवीत, दहा हजारांवर ओव्या, मराठीत, मध्ये मध्ये कोंकणी शब्द. १६१६ साली ते रायतूरला छापलं. त्यात तो मराठीचं कौतुक करताना म्हणतो की फुलांत मोगरा, सुवासांत कस्तुरी, तशी भाषांत मराठी. म्हणजे तुझ्या मुलाला चर्चच्या अंगणात ज्या भाषेवरून चिडवतात त्या भाषेत गोव्यात येशूची गोष्ट चारशे वर्षांपूर्वी गायली जात होती. त्याला एक मजा अजून सांग, ते पुस्तक छापलं रोमन अक्षरांत, म्हणजे तो व्हॉट्सॲपवर मित्रांना जसं मराठी टाइप करतो तसंच. माझ्या क्लासमधल्या पोरांना हे सांगितलं की नेहमी हसायची आणि मग विसरायची नाहीत.

देव खरा कशावरून, बायबलमध्ये डायनोसॉर का नाहीत, असं तो विचारतो आणि तुला उत्तर येत नाही म्हणून तू गप्प करतेस असं लिहिलंयस. गप्प नको करू. ‘मला माहीत नाही, शोधू या’ म्हण. बिग बँगची कल्पना ज्याने मांडली तो जॉर्ज लमेत्र हा बेल्जियमचा कॅथलिक पाद्री होता, एवढं सांगितलं तरी त्याला जरा दम मिळेल की प्रश्न विचारणं म्हणजे देव सोडणं नाही.

गोव्यात राहतेस त्याचा फायदा घे गं, इथे वर्षभर सण दारात चालत येतो आणि आपण नगरकडची माणसं फ्लॅटचं दार लावून आत रोझरी म्हणतो. शेजारच्या खुरसाकडे (क्रूसाकडे) लादाइन्य, म्हणजे सगळ्यांनी मिळून प्रार्थना, असली की पोरांना घेऊन जा, उकडलेले चणे खायला जातील, जाऊ दे. ऑगस्टमध्ये कणसांचं फेस्त (सण), नवीन भाताची कणसं आशीर्वाद घेऊन घरी आणायची, नगरच्या शेतकऱ्याच्या नातवंडांना हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही. दोन नोव्हेंबरला, मृतांच्या आठवणीच्या दिवशी, स्मशानात मेणबत्त्या लावायला न्यायचं, घाबरतील म्हणून टाळायचं नाही, आजोबा गावाकडे पुरलेत तर इथल्या कुणाच्या तरी विसरलेल्या क्रूसाजवळ लावा. नाताळच्या आधी दहा-बारा दिवस वाटीत गहू पेरून गोठ्यासाठी हिरवळ काढायची, ते धाकटीचं खातं.

आणि २४ नोव्हेंबरला जुन्या गोव्यात सायबाची, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरची, नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना) सुरू होते, ३ डिसेंबरला फेस्त. एक दिवस पहाटे बस धरून पणजीला या आणि तिथून रायबंदरवरून चालत जा, नऊ-दहा किलोमीटर आहेत, मुलाला जमेल, धाकटी अर्ध्या वाटेवर कडेवर बसेल. चालताना सांगा की हा फ्रान्सिस झेवियर १५४२ ला इथे आला तेव्हा हातात घंटा घेऊन रस्त्यांतून फिरायचा, पोरं गोळा करायचा आणि प्रार्थना सोपी करून चालीवर शिकवायचा. एवढा मोठा संत आणि सुरुवात काय, तर घंटी आणि पोरं. नवऱ्याला त्या दिवसाची सुट्टी आत्तापासून टाकायला सांग, शिफ्टवाल्यांना ऐनवेळी मिळत नाही.

शेजारच्या चवथीबद्दल विचारलंयस ते थोडक्यात सांगते, आरतीच्या वेळी मुलगा मित्राच्या घरी असला तर आभाळ कोसळत नाही, आदराने उभं राहायचं, नेवऱ्या खायच्या, आणि नाताळला कुस्वाराचं (नाताळच्या फराळाचं) ताट त्यांच्याकडे त्याच्याच हाताने पाठवायचं. आपण काय मानतो ते त्याला रात्रीच्या त्या दोन मिनिटांत कळतंय ना, मग कुणाच्या मखरासमोर उभं राहून ते पुसलं जाणार नाही.

आज रात्री फक्त धाकटीचं कर. बाकीचं सगळं एकदम सुरू करू नकोस, नाहीतर सोमवारपर्यंत घरात नवीन टाइमटेबल लागेल आणि मुलगा म्हणेल आईला परत झटका आलाय. आणि ती झोपायला लागली की दोन ओळी टाक मला, मी वाट बघतेय.